डाउट काउंटरवरची अर्धवेळ नोकरी: एका शैक्षणिक वर्षानंतरचा अनुभव

नागपुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकत असताना गेल्या जूनपासून मी सीताबर्डी परिसरातील एका मध्यम आकाराच्या जेईई-नीट शिकवणी वर्गात डाउट काउंटरवर, म्हणजे मुलांचे अडलेले प्रश्न सोडवून देण्याच्या टेबलावर, काम करते. वेळ संध्याकाळी पाच ते आठ, सुट्टी सोमवारी (रविवारी टेस्ट असल्यामुळे त्या दिवशी सुट्टीचा प्रश्नच येत नाही) आणि मोबदला तासाला २०० रुपये. महिना पूर्ण भरला, तर सुमारे १५,००० रुपयांचे बिल होते आणि टीडीएस (देणाऱ्यानेच आधी कापून घेतलेला प्राप्तिकर) वजा जाता साडेतेरा हजारांच्या आसपास रक्कम खात्यात जमा होते. माझे खोलीभाडे आणि मेसचा खर्च त्यातून निघतो व थोडे शिल्लकही राहते. कॉलेज सांभाळून चांगला मोबदला देणारे काम कोणते, असे विचारणाऱ्या ज्युनिअर मुलामुलींची संख्या वाढल्याने हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

सर्वप्रथम दराविषयी. तासाला २०० रुपये हा आकडा ऐकायला चांगला असला, तरी नोकरीने दिवसातले किती तास घेतले, याने त्याला भागल्याशिवाय त्याचा खरा अर्थ कळत नाही. माझी खोली सुभाषनगरला आहे. मेट्रोची अॅक्वा लाइन तिथून थेट झाशी राणी चौकापर्यंत येते, त्यामुळे प्रवास सुखाचा आहे. तरीही चालणे, गाडीची वाट पाहणे आणि परत येणे धरून रोजचा एक तास जातो. त्याशिवाय दुसऱ्या दिवशी ज्या धड्याची बॅच आहे त्याच्या मॉड्यूलमधील (वर्गाच्या प्रश्नपुस्तिकेतील) अवघड प्रश्न घरी सोडवून ठेवावे लागतात, कारण काउंटरवर समोर मुलगा बसलेला असताना पहिल्यांदाच प्रश्न वाचणे परवडत नाही. या तयारीचे पैसे कोणी देत नाही. हा सगळा वेळ धरला, तर माझा दर तासाला सव्वाशेच्या जवळ येतो. तरीही मी हे काम सोडलेले नाही. पण जाहिरातीतला आकडा आणि हा आकडा यांतले अंतर प्रत्येक कामात असते आणि कुठे ते कमी, कुठे फार मोठे असते.

याआधी, पहिल्या वर्षी, मी लक्ष्मीनगरमध्ये सीबीएसईच्या दहावीच्या एका विद्यार्थिनीला घरी जाऊन गणित शिकवत असे. महिन्याला ४,००० रुपये आणि आठवड्यातून पाच दिवस एक तास, म्हणजे हिशेबाने दर तोच. खोली जवळ असती, तर ती शिकवणी आजच्या नोकरीपेक्षाही किफायतशीर ठरली असती. अडचण वेगळीच होती. ‘आज नको येऊ बेटा, पाहुणे आले आहेत,’ असा काकूंचा फोन निम्म्या रस्त्यात असताना यायचा, आणि महिनाअखेर तो दिवस गैरहजेरीत धरला जायचा. घरगुती शिकवणी घेणाऱ्यांनी महिन्याची रक्कम आगाऊ ठरवून घ्यावी आणि विद्यार्थ्याच्या बाजूने रद्द झालेला तास भरलेला समजला जाईल, हे पहिल्याच भेटीत गोड शब्दांत सांगून टाकावे. नात्यातल्यासारखे वागवणाऱ्या घरी हे बोलायला जड जाते, पण नंतर बोलणे त्याहून जड जाते.

आता काउंटरच्या प्रत्यक्ष कामाकडे येते. मुले टोकन घेऊन रांगेत बसतात आणि प्रत्येकाला साधारण दहा मिनिटे मिळतात. प्रश्न बहुधा त्याच त्या जागी अडलेले असतात. उदाहरणार्थ, सारख्याच वस्तुमानाची आणि त्रिज्येची एक कडी आणि एक चकती उतारावरून न घसरता घरंगळत येतात; आधी कोण पोहोचेल? बहुतेक मुले स्थितिज ऊर्जेची सरळ गतिज ऊर्जा करून मोकळी होतात, दोघींचा वेग सारखाच काढतात आणि ‘मॅम, आन्सर की चुकली आहे’ असे ठामपणे सांगतात. वस्तू पुढे सरकते त्याबरोबर स्वतःभोवती फिरतेही, आणि त्या फिरण्यालाही ऊर्जा लागते, हे त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावे लागते. कडीचे सगळे वस्तुमान काठावर असल्याने तिची जास्त ऊर्जा फिरण्यात खर्च होते. तिच्या वेगाचा वर्ग जीएच (गुरुत्वत्वरण गुणिले उताराची उंची) इतकाच येतो, चकतीच्या वेगाचा मात्र त्याच्या चार तृतीयांश पट. मुलाने स्वतः हे समीकरण मांडले, की पुढचे दोन प्रश्न तो न विचारताच सोडवतो आणि मग टोकन फाडून उठतो. या कामातले समाधान आहे ते एवढेच, पण ते खरे आहे. रविवारी टेस्ट सुटल्यावर मात्र समाधानाला सवड नसते. ‘मॅडम, तुमच्या टेबलावर लाइन लागून राहिली,’ असे ऑफिसमधले दादा दारातूनच सांगतात, आणि आठ वाजता निघायचे ते नऊ होतात. या वाढीव वेळेचे पैसे पहिले काही महिने मिळाले नाहीत. नंतर आम्ही काउंटरवरच्या सर्वांनी मिळून हजेरीपटावर निघण्याची खरी वेळ लिहायला सुरुवात केली आणि तेव्हापासून ते मिळू लागले.

स्वतःच्या अभ्यासाला या कामाचा किती उपयोग होतो, याबद्दल वर्गाचे लोक भरती करताना जरा जास्तच आशा दाखवतात. अकरावी-बारावीचे यांत्रिकी, विद्युत आणि प्रकाशशास्त्र माझे पक्के झाले, हे निर्विवाद आहे. फेब्रुवारीत होणाऱ्या आयआयटी जॅमच्या (एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेच्या) भौतिकशास्त्राच्या पेपरलाही तो पाया उपयोगी पडेल, असे वाटते. परंतु बी.एस्सी.चा गणिती भौतिकीचा किंवा रिअल अॅनालिसिसचा पेपर काउंटरवर बसून सुटत नाही. त्यासाठी स्वतंत्र वेळ काढावाच लागतो, आणि रात्री साडेआठनंतर थकलेल्या डोक्याने तो काढणे कठीण असते. मी तो पहाटे काढते. ज्यांना पहाटे उठणे जमत नाही, त्यांनी या नोकरीचा विचार नीट करावा. महाविद्यालयाच्या ७५ टक्के हजेरीला मात्र धक्का लागला नाही, कारण आमचे वर्ग आणि प्रात्यक्षिके दुपारी तीनपर्यंत संपतात.

सर्वांत मोठी गैरसोय वेळापत्रकाची आहे आणि ती रुजू होताना कोणीही सांगत नाही. जेईई मेनचे दुसरे सत्र एप्रिलमध्ये असते आणि नीट साधारण मेच्या पहिल्या रविवारी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षाही याच सुमारास येतात. म्हणजे वर्गाला तुमची सर्वाधिक गरज असते नेमकी तेव्हाच तुम्हाला रजा हवी असते, आणि पारा ४५ अंशांकडे सरकत असताना ही ओढाताण चालते. उलट नीट संपली, की नव्या बॅच सुरू होईपर्यंत काउंटर जवळजवळ बंद असतो आणि तासाच्या दराने पैसे घेणाऱ्याच्या हाती काहीच पडत नाही. त्यामुळे महिन्याच्या कमाईला बाराने गुणून वर्षाचा हिशेब मांडू नये. दहाने गुणावे आणि तेही हात राखून. परीक्षेच्या काळातील रजा मी रुजू होतानाच लेखी मागून घेतली होती. ईमेलवर एका ओळीचा होकार आला होता आणि एप्रिलमध्ये तीच ओळ दाखवून मी रजा घेतली. माझ्याबरोबर लागलेल्या एका मुलाला तोंडी शब्दावर रजा मिळाली नाही, तेव्हा त्याने काम सोडले आणि शेवटच्या महिन्याचे पैसे मिळवायला त्याला बरेच हेलपाटे घालावे लागले.

पैशांच्या व्यवहारातील दोन गोष्टी लिहिणे आवश्यक आहे. हे वर्ग आम्हाला कर्मचारी न मानता व्यावसायिक शुल्क देतात आणि त्यावर १० टक्के टीडीएस कापतात. ही रक्कम बुडालेली नसते. विद्यार्थ्याचे एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खूप खाली असल्याने प्राप्तिकर विवरणपत्र भरले, की ती परत मिळते. त्यासाठी कापलेली रक्कम आपल्या पॅनवर २६ एएसमध्ये (प्राप्तिकर खात्याकडील आपल्या कर-नोंदींच्या उताऱ्यात) दिसते का, हे तपासावे आणि फॉर्म १६ ए, म्हणजे कर कापल्याचा दाखला, मागून घ्यावा. कापलेली रक्कम तिथे दिसतच नसेल, तर ती कापणाऱ्याने सरकारकडे भरलेली नाही किंवा चुकीच्या पॅनवर भरली आहे, अशी शक्यता धरून लगेच विचारणा करावी. दुसरी गोष्ट शिष्यवृत्ती घेणाऱ्यांसाठी. काही ठिकाणी मोबदल्यासाठी ठरावीक बँकेत नवे खाते उघडायला लावतात आणि फॉर्मवर आधार जोडणीच्या रकान्यात सहज सही घेतली जाते. महाडीबीटीची (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलची) रक्कम आधारशी शेवटी जोडलेल्या बँकेत जाते. त्यामुळे जुन्या खात्यात शिष्यवृत्तीची वाट पाहत बसण्याची वेळ येऊ शकते. नवे खाते जरूर उघडावे, पण त्या रकान्याबाबत डोळे उघडे ठेवावेत.

इतर पर्यायांचा विचारही मी केला होता. माझी खोलीतली मैत्रीण अमेरिकन ग्राहकांच्या कॉल सेंटरमध्ये आहे आणि तिचा पगार माझ्यापेक्षा बराच जास्त आहे. मात्र अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. शिफ्ट पहाटे साडेतीन-चारला सुटते आणि आठ वाजताचे प्रात्यक्षिक तिला दिसतच नाही. ती बहिःस्थ पदवी करते म्हणून तिचे निभते. डिलिव्हरीचे काम वेळेच्या दृष्टीने सर्वांत लवचीक आहे, पण पेट्रोल आणि गाडीची झीज आपल्या खिशातून जाते, आणि खासगी दुचाकीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत मोबदला घेऊन माल पोहोचवण्याचा वापर वगळलेला असतो, हे वर्गातील मुलांपैकी फार थोड्यांना माहीत आहे. अपघात झाल्यावर हे कळणे फार महाग पडते.

‘घरबसल्या रेटिंग द्या, रोज दोन हजार कमवा’ या प्रकाराबद्दल फार लिहीत नाही. सुरुवातीला शे-दोनशे रुपये खरेच देतात आणि मग मोठ्या ‘टास्क’साठी आपल्याकडूनच पैसे मागतात. कोणी काम देण्यासाठी अनामत मागत असेल, मूळ गुणपत्रिका ठेवून घेत असेल किंवा कमिशनच्या बदल्यात तुमचे बँक खाते वापरायला मागत असेल, तर तिथून निघावे. खाते वापरू देणे ही तर किरकोळ कमाई नव्हेच; त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरला, की पोलीस खातेदाराच्याच दारात येतात. पैसे गेलेच, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रार क्रमांकावर त्याच तासात कळवावे.

डाउट काउंटरचे काम हवे असणाऱ्यांनी मेच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत चौकशी करावी. जाहिरात क्वचितच निघते. बहुतेक जागा विभागातील सीनिअरच्या ओळखीने भरल्या जातात. मुलाखत म्हणजे जुना जेईई मेनचा पेपर समोर ठेवून फळ्यावर सोडवायला लावतात. गती बेताची असली तरी चालते, पण पायऱ्या गाळलेल्या चालत नाहीत. डेमोचे दिवस बिनपगारी असतील, तर ते किती, हे आधीच विचारून घ्यावे.

पुढच्या वर्षी मी हे काम सुरू ठेवणार आहे, मात्र आठवड्यातून चारच दिवस, कारण जॅमची तयारी ऑगस्टपासून गंभीरपणे करायची आहे. दर २५० रुपये करावा आणि रविवारच्या वाढीव तासाचा उल्लेख करारातच असावा, असा ईमेल मी पाठवला आहे. दराविषयी वर्गाने होकार कळवला आहे. रविवारच्या तासावर सर अजून घासाघीस करत आहेत.