पाथलिब वापरून पाहिलं: चालू फोल्डर बरोबर सांगतं, चुकतो तो आपला प्रश्न

पाथलिब हे पायथनमध्ये फाइल-फोल्डरचे पत्ते हाताळणारं मॉड्यूल. पायथन ३.४ पासून (२०१४) ते भाषेसोबतच येतं, वेगळं इन्स्टॉल करावं लागत नाही. चालू फोल्डर हवा असेल तर ‘पाथ डॉट सीडब्ल्यूडी’ आणि पुढे रिकामे कंस, झालं. ओएस मॉड्यूलमधलं जुनं ‘गेटसीडब्ल्यूडी’ नुसती स्ट्रिंग (साधा मजकूर) हातात ठेवतं. इथे पाथ ऑब्जेक्ट मिळतो. त्याच्यापुढे तिरकी रेघ देऊन फाइलचं नाव जोडायचं, विंडोजच्या उलट्या रेघेचं तो बघून घेतो. सोयीच्या बाबतीत पैकीच्या पैकी.

गोची नावात आहे. सीडब्ल्यूडी (करंट वर्किंग डिरेक्टरी) म्हणजे प्रोग्राम जिथून चालवला ती जागा. स्क्रिप्ट जिथे ठेवलीय ती नव्हे. समजा ‘अहवाल’ फोल्डरमध्ये स्क्रिप्ट आहे आणि शेजारीच तिची डेटाची सीएसव्ही फाइल. टर्मिनलमध्ये त्या फोल्डरात शिरून चालवली तर सगळं सुरळीत. तीच स्क्रिप्ट एक पायरी वरून चालवा, लगेच ‘फाइल नॉट फाउंड’. फाइल तर डोळ्यांसमोर असते! व्हीएस कोडमध्ये अख्खा प्रोजेक्ट उघडून रनचं बटण दाबलं की बहुधा हेच होतं. लिनक्सवर ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन होम फोल्डरमधून सुरू करतो, तिथेच पार्श्वभूमीत चालणारी सिस्टमडीची सर्व्हिस काही सांगितलं नसेल तर थेट रूटवरून (सगळ्यात वरच्या फोल्डरवरून). विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये ‘स्टार्ट इन’चा रकाना रिकामा सोडलात तर सिस्टम३२ मध्ये शोधाशोध चालते.

यावरचा उपायही पाथलिबमध्येच आहे: पाथच्या कंसात ‘फाइल’ (दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर), मग रिझॉल्व्ह, मग पेरेंट. स्क्रिप्टचा फोल्डर मिळतो, कुठूनही चालवा. ज्युपिटर नोटबुकच्या सेलमध्ये (कोडच्या चौकटीत) मात्र ‘नेम एरर’ येते, कारण तिथे हे नावच नसतं; तिथे सीडब्ल्यूडीच वापरा, तो सहसा नोटबुकचाच फोल्डर असतो.

दोन खटकणाऱ्या गोष्टी. लिनक्सवर प्रोग्राम चालू असताना त्याचा चालू फोल्डरच कुणी उडवला तर सीडब्ल्यूडी विचारतानाच ‘फाइल नॉट फाउंड’ येते, आणि माणूस भलतीच फाइल शोधत बसतो. दुसरं, पाथलिबमध्ये फोल्डर बदलायची सोयच नाही. त्यासाठी पुन्हा ओएसचं ‘सीएचडीआयआर’. ते अख्ख्या प्रोसेसचा फोल्डर बदलतं, म्हणजे सगळ्या थ्रेड्सचा (प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांचा). ३.११ मध्ये कॉन्टेक्स्टलिबमध्ये आलेलं ‘सीएचडीआयआर’ विथ ब्लॉक संपला की जुन्या जागी परत आणतं, पण थ्रेड्सची भानगड तिथेही तशीच आहे.