नळी उत्तम, तोंड बिघडलेलं: .२२ रायफलच्या बदली बॅरलचा चार महिन्यांचा अनुभव

पहिल्या दिवशीचा कागद मी जपून ठेवलाय. ५० मीटर, रेस्टवरून (रायफल आधारावर टेकवून), दहा शॉट, ग्रुप, म्हणजे सगळ्यांत लांबच्या दोन भोकांमधलं मध्य ते मध्य अंतर, ३१ मिमी. त्याच रायफलची जुनी, गंज धरलेली बॅरल त्याच काडतुसांनी १७-१८ मिमी देत होती. नवीन, जड, 'मॅच' म्हणून विकलेली बॅरल जुनीपेक्षा जवळजवळ दुप्पट पसरते हे बघून पोटात खड्डा पडला होता.

३१ मिमी म्हणजे किती वाईट, ते प्रोन, म्हणजे पालथं पडून, मारणाऱ्यांना लगेच कळेल. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिमी. गोळी ५.६ मिमीची, आणि तिचा काठ रेषेला लागला तरी दहा मिळतात. त्यामुळे मध्य ते मध्य १६ मिमीचा ग्रुप बरोबर मधोमध बसला तर सगळे दहा. ३१ मिमी म्हणजे रायफल रेस्टवर असतानाच नऊ पडणार. त्यावर माझा श्वास, माझी नाडी, वारा हे सगळं वेगळंच.

जुनी बॅरल का काढली, तेही सांगते. रायफल बरेच दिवस फोमच्या पेटीत बंद राहिली, फोमनं ओल धरली आणि मझलपासून (नळीच्या तोंडापासून) चारेक सेंटीमीटर आत गंजाचे खड्डे पडले. पहिले तीस-पस्तीस शॉट ती छान मारायची, मग त्या खड्ड्यांत शिसं साचून ग्रुप उघडत जायचा. साठ शॉटच्या मॅचला हे चालत नाही. माझ्या रायफलच्या बोल्ट ॲक्शनमध्ये (काडतूस भरण्या-उडवण्याच्या यंत्रणेत) बॅरल दोन ग्रब स्क्रूंनी (बिनडोक्याच्या स्क्रूंनी) धरलेली असते, त्यामुळे दुसऱ्या कंपनीची बदली बॅरल बसवणं सोपं. जी घेतली ती स्टेनलेस, बाहेरून २२ मिमी जाड, ट्विस्ट (आतल्या खाचांचा पीळ) १६ इंचांत एक फेरा. कंपनीचं नाव लिहीत नाही. मला एकच नग मिळाला, आणि एका नगावरून कोणाच्या सगळ्या मालाला नावं ठेवणं मला बरोबर वाटत नाही.

वस्तू हातात घेतल्यावर पहिली छाप चांगली होती. बाहेरचं टर्निंग एकसारखं, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) स्वच्छ, काडतूस अंगठ्याच्या हलक्या दाबानं आत जातं आणि शेवटी गोळीवर रायफलिंगची (नळीतल्या पिळाची) पुसट खूण उमटते. मॅच चेंबर असंच असावं लागतं. कागदावर मात्र त्यातलं काहीच दिसेना.

ग्रुप उघडला की आपण चार गोष्टी एकदम बदलतो. स्कोप घट्ट करतो, काडतुसं बदलतो, बॅरल घासतो, स्टॉकचे (लाकडी दस्त्याचे) स्क्रू आवळतो. मग ग्रुप सुधारला तरी कशामुळे ते कळत नाही. मी ठरवलं की एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर दहा-दहा शॉटचे तीन ग्रुप. पाच शॉटच्या ग्रुपवर माझा विश्वास उरलेला नाही, कारण याच बॅरलनं दुसऱ्या दिवशी पाच शॉटचा ११ मिमीचा ग्रुप दिला आणि लगेच पुढचा २७ चा. मोजायला व्हर्निअर घेतलं. बाहेरच्या दोन भोकांच्या कडांमधलं अंतर मोजायचं आणि त्यातून एका सुट्या भोकाचा व्यास वजा करायचा. गोळीचा व्यास वजा करू नका, कागदातलं भोक गोळीपेक्षा लहानच पडतं.

पहिली चाचणी सगळ्यांत जास्त उपयोगी पडली. जुनी बॅरल साफ करून परत चढवली. स्कोप ॲक्शनवरच, त्याला हात लावला नाही. ट्रिगर तोच, रेस्ट तोच, मी तीच. ग्रुप १७, १९, १७. पुन्हा नवीन चढवली, ३०, २८, ३३. या एका दुपारीत स्कोप, त्याचे माउंट, पॅरलॅक्स (डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसणं) आणि माझं ट्रिगर दाबणं हे सगळे संशयित सुटले. उरली बॅरल, ती ॲक्शनमध्ये बसते ती जागा, ती स्टॉकला कुठे टेकते ती जागा, आणि काडतुसांशी तिचं जमणं.

स्टॉकपासून सुरुवात केली. जुनी बॅरल बारीक होती, नवी २२ मिमी. कागदाची पट्टी बॅरल आणि स्टॉकच्या मधून सरकवून बघितली, ॲक्शनपर्यंत बिनअडथळा गेली. मोकळी आहे म्हणून समाधान मानलं, आणि इथे माझे दहा दिवस वाया गेले. ती पट्टी मी रायफल टेबलावर ठेवून सरकवली होती. मारताना पुढचा भाग वाळूच्या पिशवीवर असतो, मागून खांद्याचा दाब असतो, प्रोनमध्ये तर स्लिंगचा ताण डाव्या हातातून थेट लाकडात जातो. नंतर मैत्रिणीला पट्टी धरायला लावून मी स्लिंग लावून पोझिशन घेतली, तेव्हा पट्टी डावीकडे, टोकापासून बोटभर आत, गच्च अडकली. लाकूड वाकत होतं आणि बॅरलला टेकत होतं. चॅनेल, म्हणजे स्टॉकमधली बॅरलची खाच, गोल लाकडी दांड्यावर सँडपेपर गुंडाळून दोन्ही बाजूंनी दीड-दीड मिलिमीटर मोकळं केलं, उघड्या पडलेल्या लाकडाला तेल दिलं. ग्रुप २५, २४, २६ वर आले. डाव्या-उजव्या बाजूचा पसारा बराच कमी झाला. हा दोष बॅरलचा नाही, माझ्या स्टॉकचा. पण जाड बॅरल विकणाऱ्यानं सोबतच्या कागदावर एक ओळ लिहायला हवी होती.

मग ॲक्शनमधली बैठक. मायक्रोमीटरनं जुन्या बॅरलची मागची शँक (ॲक्शनमध्ये शिरणारा भाग) १५.९९ मिमी भरली, नव्या बॅरलची १५.९६. तीन शतांश मिलिमीटर फरक हाताला कळत नाही, पण ग्रब स्क्रू एका बाजूनं दाबतात तेव्हा सैल शँक किंचित तिरकी बसू शकते. आधी मी पुढचा स्क्रू पूर्ण आवळून मग मागचा आवळत होते. आता बॅरलचा खांदा (शँकपुढची जाड कड) ॲक्शनला भिडेपर्यंत ती मागे दाबून धरते आणि दोन्ही स्क्रू आळीपाळीनं, थोडे थोडे, टॉर्क रेंचनं आवळते. स्टॉकचे दोन स्क्रू पूर्वीसारखेच ५ न्यूटन-मीटरवर. यानं ग्रुप २२-२३ वर आला. मुख्य म्हणजे बॅरल काढून परत बसवल्यावर नेम त्याच जागी यायला लागला. आधी दर वेळी पॉइंट ऑफ इम्पॅक्ट (गोळी लागण्याची जागा) सरकायचा.

काडतुसांचं मी थोडक्यात सांगते, कारण .२२ मारणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असतं. बॅरलला काडतुसांचा लॉट (एकाच खेपेत बनलेला माल) आवडतो किंवा आवडत नाही. चार लॉट मारले, सगळे ४० ग्रेन वजनाच्या गोळीचे, सगळे आवाजाच्या वेगाखालचे. वेगातला फरक उभा पसारा देतो. मझलला सेकंदाला १० मीटरचा फरक पडला तर ५० मीटरवर साधारण ७-८ मिमी वर-खाली होतं. म्हणून आधी ग्रुपचा आकार बघितला. उभा लांबट असता तर मी लॉटवर आणखी वेळ घालवला असता. माझे ग्रुप गोल होते, आणि चारही लॉटचे आकडे १९ ते २४ च्या मध्ये. एक लॉट चांगला आणि तीन वाईट असते तर गोष्ट वेगळी. चारही सारखेच मध्यम, म्हणजे दुखणं काडतुसात नव्हतं.

आता नळी आतून बघायची वेळ आली. बोल्ट काढून, चेंबरच्या बाजूनं, बोअर गाइड (रॉड मधोमध ठेवणारी नळी) लावून रॉडनं घट्ट पॅच (कापडाचा तुकडा) ढकलला. रॉडची मूठ बेअरिंगवर फिरणारी हवी, म्हणजे पॅच रायफलिंगबरोबर वळतो. रॉडवर मार्करनं रेघ मारली आणि ती एक पूर्ण फेरा फिरेपर्यंत रॉड किती आत गेला ते मोजलं. तीनदा मोजलं, ४०४ ते ४०७ मिमी. सोळा इंच म्हणजे ४०६, तेव्हा ट्विस्ट सांगितला तोच आहे. मग मऊ शिशाचा तुकडा तेल लावून हळूहळू पुढे सारला. या कामात हाताला जे कळतं ते मोजपट्टीला कळत नाही. जुन्या बॅरलमध्ये तो तुकडा खड्ड्यांपाशी खरखरतो. नव्या बॅरलमध्ये पहिल्या इंचापासून शेवटच्या इंचापर्यंत एकच दाब, कुठे सैल नाही, कुठे अडकणं नाही, आणि मझलजवळ तर केसभर जास्तच घट्ट. लॅपिंग (नळी आतून घासून गुळगुळीत) करणाऱ्यानं जीव ओतून काम केलंय. माझ्या हातात आलेल्या नळ्यांत आतून इतकी एकसारखी मी दुसरी बघितली नाही.

मग अशी नळी २० मिमीचा ग्रुप का मारते?

उत्तर मझलवर होतं आणि मला ते पहिल्या आठवड्यातच दिसायला हवं होतं. पन्नास शॉट मारून झाल्यावर मझलच्या तोंडावर वंगणाची आणि काजळीची चांदणी उमटते, प्रत्येक खाचेसमोर एक पाकळी. क्राउन (नळीच्या तोंडाची कड) बरोबर असेल तर पाकळ्या सारख्या लांबीच्या असतात. माझ्या बॅरलवर खालच्या उजव्या बाजूची, घड्याळात पाच वाजता जिथे काटा असतो तिथली पाकळी लांब आणि फाटलेली होती, तिच्या समोरची जवळजवळ नव्हतीच. हे मी रोज बघत होते आणि फडक्यानं पुसून टाकत होते. कानात घालायचा कापसाचा बोळा क्राउनच्या कडेवर आतून बाहेर हलकेच फिरवला, पाच वाजताच्या जागी तंतू अडकले. दहापट भिंगाखाली कडेवर उठलेली बारीक कूस स्पष्ट दिसली, आतल्या बाजूला वळलेली.

.२२ च्या गोळीला हे का बाधतं ते समजून घ्यायला हवं. ती मऊ शिशाची, आणि तिचा मागचा भाग काडतुसात बसण्यापुरता बारीक केलेला. नळी सोडताना तिचा पार्श्वभाग हाच शेवटचा स्पर्श. तिथे एका बाजूला कूस असली की शिसं ओरखडतं, वायू त्या बाजूनं क्षणभर आधी सुटतो आणि गोळीला बाजूनं ढकलतो. गोळी डुलत निघते. नळी आतून कितीही सरळ असली तरी शेवटच्या त्या केसभर जागेत सगळं बिघडतं.

आमच्या रेंजच्या आर्मररना दाखवलं. त्यांनी भिंग लावलं, बोळा फिरवला आणि म्हणाले, "मॅडम, नळीत काही खोट नाही. तोंड बिघडलंय. परत पाठवायची असेल तर पाठवा, पण दुसरी आतून अशी येईलच असं नाही."

मी म्हटलं, "काका, तुम्हाला पटतंय ना? मग कापा."

त्यांनी बॅरल लेथवर बोअरच्या (नळीच्या भोकाच्या) मध्यावर धरून तोंडाचं अर्धा मिलिमीटर घेतलं आणि ११ अंशांचा क्राउन नव्यानं काढला. हे काम घरी हँड ड्रिलवर करू नका. बोअरशी काटकोन चुकला तर आधीपेक्षा वाईट अवस्था होईल.

कापल्यानंतर पहिले पंधरा-वीस शॉट वंगण बसायला गेले, ते मोजले नाहीत. मग सगळ्यांत बरा वाटलेला लॉट घेतला आणि पाच ग्रुप मारले, १३, १२, १५, ११, १३. कागदावरचं ते एकच ओबडधोबड भोक बघून मी बराच वेळ बेंचवरून उठलेच नाही.

कंपनीच्या सेवेबद्दल. पहिल्या ईमेलला दोन दिवसांत उत्तर आलं, 'बॅरल साफ करा, काडतुसं बदला.' कोणालाही चिकटवता येईल असं उत्तर. मी पाचही टप्प्यांचे कागद, मोजमापं आणि भिंगातून काढलेला क्राउनचा फोटो पाठवला, तेव्हा सूर बदलला. बदलून देऊ म्हणाले, पाठवण्याचा खर्च माझा. तोपर्यंत क्राउन कापून झाला होता, म्हणून मी क्राउनचा खर्च मागितला. तो त्यांनी कुरकुर न करता दिला. हे त्यांच्या बाजूनं लिहायलाच हवं. पण ज्यांनी आतून इतकं सुरेख लॅपिंग केलं त्यांनी पॅक करण्याआधी तोंडावरून एक कापसाचा बोळा फिरवला नाही, याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. नवीन मारणाऱ्या मुला-मुलींच्या हातात अशी बॅरल गेली तर ते महिनोन् महिने स्वतःच्या पोझिशनला दोष देत बसतील.

नळीला पाचपैकी पाच, फिनिशिंगला दोन, शँकच्या मापाला तीन, सेवेला तीन. तुमच्या जवळ क्राउन नीट कापणारा आर्मरर असेल तर ही बॅरल घ्या. नसेल तर आतून थोडी कमी गुळगुळीत पण तयार, तपासून आलेली दुसरी बघा. साफ केल्यानंतरचे पहिले पाच-सहा शॉट ती अजूनही थोडे वर मारते, तेवढे सायटरमध्ये (मॅचआधीच्या सरावाच्या शॉटमध्ये) काढून टाकते. साठाव्या शॉटपर्यंत शिसं धरल्याची खूण अजून एकदाही दिसलेली नाही.