जिओकॅशचे डबे: पाणी कुठून शिरतं आणि कोणता डबा खरंच टिकतो

दोन तास चढून जावं, फोनवरच्या बाणाचं अंतर शून्यावर आणावं, दगड बाजूला करून डबा बाहेर काढावा आणि आत नोंदवहीच्या जागी काळपट, कुबट वासाचा लगदा निघावा. जिओकॅशिंगमध्ये, म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा जीपीएसच्या मदतीने शोधून आतल्या वहीत सही करायच्या खेळात, याहून वाईट शेवट नाही. डबा सापडलाच नाही तर निदान पुन्हा यायला कारण उरतं. सडलेली वही सापडली की हात धुवायची घाई होते. तरीही डबा लपवणारे बहुतेक जण सगळी अक्कल जागा शोधण्यात खर्च करतात आणि डबा म्हणून घरात जे रिकामं पडलेलं असेल ते उचलतात. म्हणून इथे फक्त डब्यांबद्दल.

आधी एक गैरसमज बाजूला करायला हवा. आत पाणी दिसलं की ‘आतल्या हवेच्या दमटपणाचं पाणी झालं’ असं सांगितलं जातं. हिशोब करून पाहा. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते. म्हणजे एक लिटरच्या डब्यात ०.०३ ग्रॅम, धड एक थेंबही नाही. त्यामुळे तळाशी चमचाभर पाणी असेल तर ते बाहेरूनच आलेलं आहे: झाकणातून, भेगेतून, किंवा कुणी पावसात उघडला तेव्हा.

आणि ते नुसतं झिरपत नाही, खेचलं जातं. दुपारी डबा तापतो, आतली हवा फुगते आणि सैल झाकणातून थोडी निसटते. मग सर येते आणि डबा झपाट्याने गार होतो. तापमान ३० अंशांनी उतरलं तर कडक भिंतींच्या बंद डब्यातला दाब सुमारे दहा टक्क्यांनी कमी होतो, आणि एवढी ओढ एक मीटर उंच पाण्याच्या दाबाइतकी असते. नेमक्या त्याच वेळी झाकणाच्या कडेवर पावसाचं पाणी साचलेलं असतं. रबरात केसाएवढी फट असली तरी ते आत ओढलं जातं. गरम दुपार आणि गार सर यांच्या प्रत्येक जोडीला हा पंप एकदा चालतो. नळाखाली धरून ‘वॉटरप्रूफ’ ठरवलेला डबा महिन्याभरात ओला सापडतो तो यामुळे.

त्यामुळे चाचणीही तशीच घ्यायला हवी. डबा उघडा ठेवून उन्हात चांगला तापवा, आत कोरडा टिश्यू पेपर आणि वजनाला दोन दगड ठेवा, झाकण लावा आणि लगेच गार पाण्याच्या बादलीत बुडवून वर वजन ठेवा. पाण्यात थोडी शाई किंवा खाण्याचा रंग घाला. अर्ध्या तासाने बाहेर काढून बाहेरून, विशेषतः झाकणाच्या खाचेतून, पूर्ण पुसा आणि मगच उघडा. टिश्यूवर कुठल्या बाजूला रंग चढला यावरून गळकी बाजूही कळते. एकदा पास झालेला डबा वीस वेळा उघडबंद करून पुन्हा तपासावा. नव्या रबराची परीक्षा पहिल्या दिवशी सोपीच असते.

दारूगोळ्याची लोखंडी पेटी. वापरलेल्या लष्करी पेट्या, म्हणजे अ‍ॅमो कॅन, टिकाऊपणात आजही सगळ्यांच्या पुढे आहेत. यातली मोठी एम२ए१ साधारण ३० सेंटिमीटर लांब आणि रिकामी असतानाच दोन किलोंच्या वर. एम१९ए१ तेवढीच लांब पण अरुंद. दोन्ही जिओकॅशच्या ‘रेग्युलर’ आकारात बसतात, म्हणजे १ ते २० लिटरमध्ये. खुबी खटक्यात आहे. तो तरफेसारखा चालतो आणि झाकणातलं जाड रबर लोखंडी कडेवर जोर लावून दाबतो. एवढा दाब प्लॅस्टिकच्या कुठल्याही क्लिपेला जमत नाही.

विकत घेताना कागदाची बोटभर रुंद पट्टी कडेवर ठेवून झाकण बंद करा आणि पट्टी ओढा. चारही बाजूंना ती घट्ट अडकली पाहिजे. एखाद्या बाजूला सरसर निघून आली तर तिथे कड वाकलेली आहे किंवा रबर दबून चपटं झालेलं आहे. अशी पेटी घेऊ नका, ठोकून सरळ करण्याच्या भानगडीत तर अजिबात पडू नका. बाहेरची लष्करी अक्षरं खरवडून किंवा रंगाने पूर्ण झाकायची आणि जिओकॅश असल्याचं ठळक लिहायचं. रंग लावताना कड आणि रबर मोकळं सोडा. कडेवरचा रंग रबराला चिकटतो आणि पहिल्यांदा उघडतानाच रबराचा पापुद्रा निघतो. रंगाचा वास जाईपर्यंत पेटी काही दिवस उघडी ठेवा. गंज तळाच्या कोपऱ्यांतून सुरू होतो, म्हणून दोन चपट्या दगडांवर ठेवावी, खालून हवा खेळली पाहिजे.

ही पेटी रानात, डोंगरात उत्तम. वस्तीत, पुलाखाली, स्टेशनजवळ मात्र कधीही नको. तिथे ती पाहून लोक पोलिसांना बोलावतील, आणि त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही. दोन्ही टोकं बंद केलेल्या पीव्हीसी पाइपचंही तेच. पाणी तो छान अडवतो, पण दिसतो बॉम्बसारखा. वस्तीत पारदर्शक डबा बरा.

चार क्लिपांचा प्लॅस्टिक डबा. लॉक अँड लॉक आणि त्या धर्तीचे इतर. सर्वांत जास्त वापरला जाणारा आणि सर्वांत जास्त चुकीचा वापरला जाणारा हाच. चांगला असेल तर अर्धा ते एक लिटरच्या डब्याला तोड नाही: हलका, स्वस्त, वही आणि अदलाबदलीच्या (एक घ्यायची, एक ठेवायची) चार वस्तू सहज मावतात.

निवडताना पहिली गोष्ट आकार. लांबट डबा घेऊ नका. क्लिपा बाजूंच्या मध्यावर असतात. बाजू जितकी लांब, तितकं क्लिपेपासून लांब असलेल्या कोपऱ्याकडे झाकण उचललं जातं आणि रबरावरचा दाब कमी होतो. चौरस किंवा गोल डबा जवळजवळ नेहमीच सरस ठरतो. दुसरी गोष्ट रबर: ते सिलिकॉनचं, एकसंध आणि बाहेर काढता येणारं हवं. नुसती प्लॅस्टिकची कड असलेले डबे दिसायला सारखे असतात आणि पहिल्याच पावसात भरतात. तिसरी, क्लिप झाकणाला जिथे जोडलेली असते ती पातळ घडी. डबा मरतो तो तिथेच. पॉलिप्रॉपिलीन उन्हातल्या अतिनील किरणांनी ठिसूळ होतं. आधी पांढुरकी भुकटी सुटते, मग एका थंड सकाळी क्लिप कटकन हातात येते. तीन क्लिपांवर डबा बंद दिसतो, बंद नसतो.

रंगाचा उपयोग नाही. या प्लॅस्टिकवर खास प्रायमरशिवाय रंग धरत नाही, सोलून निघतो आणि त्याचे कण आसपासच्या मातीत मिसळतात. कापडी पाठीची कॅमोफ्लाज टेप लावा, ती ऊनही अडवते. फक्त दोन ठिकाणी हात आवरा: डब्याच्या भिंतीवर टेप कडेच्या एक सेंटिमीटर खाली थांबली पाहिजे, आणि क्लिपेच्या घडीवर टेप अजिबात नको. टेपची जाडी मध्ये आली की क्लिप अर्धवट बसते आणि तसं ती सांगतही नाही.

आणि आता ती गोष्ट, जी जवळपास प्रत्येक ओल्या डब्यात सापडते. झाकण सावकाश उचला आणि कडेकडे नीट पाहा. झिपलॉक पिशवीचा एक कोपरा रबरावरून बाहेर डोकावत असतो. पिशवी पातळ, पण दुमडली की तिच्या घडीत बारीक नळ्या तयार होतात. त्यातून पाणी कडेवरून आत येतं, पिशवीच्या अंगाने खाली उतरतं आणि झिप नीट लागलेली नसेल तर थेट वहीत. जी पिशवी वही वाचवायला ठेवली, तिनेच डबा फोडलेला असतो. उपाय साधा आहे: पिशवी डब्याच्या तळाच्या निम्म्या मापाची घ्यायची, म्हणजे ती कडेपर्यंत पोचतच नाही. वाळूचा कण, पाइनची सुई, माणसाचा केस यांचंही काम असंच. झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या मार्करने लिहून ठेवा: ‘आधी कड पुसा, पिशवी आत ढकला, समोरासमोरच्या क्लिपा एकत्र लावा’. शेजारशेजारच्या दोन क्लिपा आधी लावल्या की पलीकडची बाजू उचलली जाते, म्हणून हा क्रम.

डबा नवाच हवा. लोणचं, चॉकलेट, मसाला ठेवलेला डबा कितीही घासला तरी आपल्याला न येणारा वास उंदरांना आणि अस्वलांना येतो, आणि दात लागलेल्या प्लॅस्टिकवर इलाज नाही. आत खाऊ ठेवायचा नाही हा नियमही त्याच कारणाने आहे. पहिला डबा डेव्ह उल्मर यांनी ३ मे २००० रोजी अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये ठेवला, तेव्हा ती काळी बादली जमिनीत अर्धवट पुरलेली होती आणि आत घेवड्याचा डबाही होता. आजच्या नियमांत खड्डा खणणं आणि खाद्यपदार्थ दोन्ही बसत नाहीत.

पेट प्रीफॉर्म. शीतपेयाची बाटली फुगवण्याआधीची जाड भिंतीची नळी. लहान डब्यांमध्ये आमचं मत हिलाच. भिंत जाड, आटे खोल, झाकण घट्ट. सांध्याशिवाय एकच तुकडा असल्यामुळे गळायला जागा एकच, ती झाकणाची. तिथेच काळजी घ्यावी लागते. २८ मिलिमीटरच्या तोंडातही दोन जाती आहेत: जुनी उंच मानेची १८१० आणि नंतरची आखूड मानेची १८८१. दोघींचे आटे वेगळे. झाकण हरवलं म्हणून रस्त्यात मिळालेल्या बाटलीचं लावलं तर ते फिरतं, बसल्यासारखं वाटतं आणि पाणी घेतं. नळी घेतानाच तिच्या मापाची दोन जादा झाकणं घेऊन ठेवा. दुसरी अडचण वहीची. गुंडाळी आत गेली की सैल होऊन भिंतीला चिकटते आणि लोक ती काडीने उकरून फाडतात. गुंडाळीला दोरा बांधून त्याचं टोक तोंडाच्या जरा खालपर्यंत येऊ द्या, आट्यांवर नको.

फिल्मची डबी. कॅमेऱ्याचा रोल यायचा ती. झाकण बाहेरून टोपीसारखं बसणारी डबी घेऊ नका. आत घुसून बसणारं झाकण असलेली, सहसा पारदर्शक असते ती, बरीच बरी. तरी दोन्ही फक्त आडोशाच्या, कोरड्या जागेसाठी.

बायसन ट्यूब. अ‍ॅल्युमिनियमची आट्यांची नळी, आत ओ-रिंग, म्हणजे रबरी गोल कडी. नवी असताना उत्तम. आट्यांत वाळू गेली की मऊ धातू झिजतो आणि काळी भुकटी बोटांवर आणि कागदावर उतरते. वर्षातून एकदा आटे जुन्या टूथब्रशने साफ करून ओ-रिंगला किंचित सिलिकॉन ग्रीस लावलं तर बराच काळ टिकते. ओ-रिंग वाळून तडकली की बदलायचीच. तिच्याशिवाय ही नळी म्हणजे नुसता कागद ठेवायचा भोक असलेला तुकडा.

नॅनो आणि चुंबकाची किल्लीपेटी. नॅनो बोटाच्या पेराहून लहान, आत कागदाची रुंदीने सेंटिमीटरभरही नसलेली पट्टी. लपवायला मजा, सांभाळायला कटकट. पट्टी लवकर भरते आणि निओडिमियम चुंबकाचा वरचा थर उडाला की तो गंजतो. सरकत्या झाकणाच्या किल्लीपेटीला रबरच नसतं. ती वापरू नका.

आता आतलं सामान. नोंदवहीचा कागद इंकजेट प्रिंटरवर छापलेला असेल तर पहिल्या ओलाव्यात रेघा पसरतात. लेझर प्रिंटरची छपाई टिकते. राइट इन द रेनसारखा पाणी न पिणारा कागद महाग पडतो, पण मायक्रो आकारात, म्हणजे १०० मिलिलिटरच्या आतल्या डब्यात, तो घ्यावाच. तिथे पिशवीला जागा नसते. त्यावर जेल पेन चालत नाही, शिसपेन्सिल चालते, ओल्या कागदावरसुद्धा. पेन थंडीत गोठतं, उन्हात गळतं आणि सगळी वही निळी करतं. पेन्सिल आखूड, दोन्ही टोकांना तासलेली ठेवा; एक टोक मोडलं तरी सही होते. सिलिका जेलची पुडी ठेवायला हरकत नाही, पण तिच्यावर विसंबू नका. ती स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पाणी पिते. ५ ग्रॅमची पुडी दीडेक ग्रॅमला भरली, आणि एक ओली वही त्याच्या कितीतरी पट पाणी घेऊन बसलेली असते.

ठेवण्याची पद्धतही डब्याइतकीच महत्त्वाची. क्लिपांचा डबा सपाट ठेवला की झाकणाच्या कडेच्या खाचेत पाणी साचतं, उलटा ठेवला की ती कडच डबक्यात बसते. थोडा तिरका, झाकण वर आणि एक कोपरा खाली ठेवा, पाणी आपोआप ओघळतं. उताराच्या ओहळात नको, जरी ती जागा सर्वांत सुंदर असली तरी. झाडाला खिळा किंवा स्क्रू मारायला नियमानेही मनाई आहे आणि झाडालाही जखम होते.

ओल्या वहीची नोंद कुणी केली, किंवा ॲपवर ‘ओनर अटेन्शन रिक्वेस्टेड’ (मालकाने येऊन डबा पाहावा) आलं, की जाताना फक्त नवी वही नेऊ नका. सोबत पुसायला सुती फडकं, त्याच मॉडेलचं जादा झाकण किंवा रबर, लहान पिशव्या आणि पेन्सिल न्या. आधी रबर बोथट काडीने काढा, त्याची खाच पुसा, रबर पीळ न पडू देता परत बसवा, आणि कडेवरून बोट फिरवून पाहा. बोटाला जिथे खडबडीत लागेल, पाणी तिथूनच आलेलं असतं.