स्की न करणाऱ्याने हिवाळ्यात गुलमर्गला राहावे का?

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघे गुलमर्गला तीन रात्री राहून आलो. चौघांपैकी स्की शिकायचे होते ते फक्त माझ्या भाच्याला. मी, माझी पत्नी आणि 68 वर्षांची आई यांच्यापैकी कोणीही पायाला त्या लांब पट्ट्या बांधून उतारावर उभे राहण्याची सुतराम शक्यता नव्हती. त्यामुळे ‘बर्फ पाहायला अर्धा दिवस पुरतो, तीन दिवस तिथे करणार काय,’ हा प्रश्न निघण्यापूर्वी नातेवाइकांपैकी जवळजवळ प्रत्येकाने विचारला. प्रश्न अगदीच गैर नव्हता, कारण महाराष्ट्रातून काश्मीरला जाणारे बहुतेक प्रवासी श्रीनगरला मुक्काम ठेवून गुलमर्ग एका दिवसात उरकतात. माझे मत आधीच सांगून टाकतो. स्की न करणाऱ्यासाठी हिवाळ्यातले गुलमर्ग फार चांगले आहे, मात्र ते राहणाऱ्यासाठी. सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्याच्या वाट्याला त्यातला सर्वांत महाग आणि सर्वांत कमी आनंदाचा भाग येतो.

याचे कारण निव्वळ वेळेच्या हिशेबात आहे. श्रीनगरपासून गुलमर्ग सुमारे 50 किलोमीटरवर आहे. त्यातला टंगमर्ग या पायथ्याच्या गावापर्यंतचा रस्ता सरळ असला, तरी तिथून वरचा 13 किलोमीटरचा घाट हिवाळ्यात चाकांना साखळ्या लावलेल्या किंवा फोर बाय फोर गाड्यांनीच चढावा लागतो. म्हणजे टंगमर्गला गाडी बदलायची, तिथेच गमबूट आणि जाडजूड कोट भाड्याने घ्यायचे आणि अकराच्या सुमारास वर पोहोचून चारच्या आत उतरायला लागायचे. आमच्या गाडीवाल्याने ज्या दुकानासमोर गाडी थांबवली, तिथले बूट आतून ओले होते आणि ‘पुढे कुठेच मिळणार नाहीत’ हे वाक्य दुकानदाराने आम्हाला तीनदा ऐकवले. प्रत्यक्षात चार दुकाने सोडून पुढे कोरडे बूट कमी भाड्यात मिळाले. बूट घालण्यापूर्वी आत हात घालून पाहावा, ही सूचना क्षुल्लक वाटेल. पण उणे तापमानात ओल्या मोज्यांनी दिवस काढलेल्या माणसाला ती तशी वाटणार नाही.

वर पोहोचताच स्लेजवाले, घोडेवाले, एटीव्ही (जाड चाकांच्या उघड्या चारचाकी) आणि स्नो बाइकवाले असे सगळे एकदमच सामोरे येतात. स्लेज म्हणजे लाकडी फळ्यांची घसरगाडी. तिच्यावर पर्यटक बसतो आणि एक माणूस दोरीने ती सपाटीवरून, कधी कधी चढावरूनही, ओढत नेतो. पहिल्या दिवशी आईच्या गुडघ्यांचा विचार करून आम्ही एक स्लेज ठरवली. आधी सांगितलेला दर घासाघीस केल्यावर निम्म्यावर आला आणि फेरी संपल्यावर ‘चहापाणी’ म्हणून पुन्हा वाढला, पण मला खटकले ते पैसे नव्हेत. पन्नाशीचा गृहस्थ धापा टाकत आपल्याला ओढतो आहे आणि आपण मांडी घालून देखावा पाहतो आहोत, यात मला मजा वाटेना. शेवटी आईनेच मध्ये उतरून ‘मी चालते’ म्हटले. ही त्या माणसांची हिवाळ्यातली कमाई आहे, तेव्हा स्लेज घेऊच नये असे मी म्हणणार नाही. लहान मुलांना उतारावरून घसरण्यासाठी ती जरूर घ्यावी. मात्र अंतर, वेळ आणि एकूण रक्कम बसण्यापूर्वी स्पष्ट ठरवावी. स्नो बाइकची फेरी काही मिनिटांत संपते, आवाज कानठळ्या बसवणारा असतो आणि एवढ्या शांत जागी तो का करावा, हे मला अखेरपर्यंत उमगले नाही.

आता गोंडोलाविषयी. मुक्कामाचा पहिला फायदा इथेच कळतो. फ्रान्सच्या पोमा कंपनीच्या यंत्रणेवर उभारलेल्या या रज्जुमार्गाचा गुलमर्ग ते कोंगदोरी हा पहिला टप्पा 1998 मध्ये आणि कोंगदोरी ते अफरवट डोंगर हा दुसरा टप्पा 2005 मध्ये सुरू झाला. तिकीट आगाऊ ऑनलाइन काढावे, हे आता सर्वांना ठाऊक आहे. कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे श्रीनगरच्या गाड्या येऊन पोहोचण्यापूर्वीची वेळ. सकाळी पहिल्या पाळण्यांतून स्कीवाले वर जातात, त्यांच्यानंतर थोडी उसंत असते आणि अकरानंतर पुन्हा गर्दी उसळते. त्या मधल्या उसंतीत आम्ही पाळण्यात बसलो. हा टप्पा जेमतेम दहा मिनिटांचा आहे. खाली देवदारवर्गी झाडांचे शेंडे बर्फाने वाकलेले दिसतात आणि रानाच्या मोकळ्या जागेत गुज्जरांची मातीच्या सपाट छपरांची घरे छपरापर्यंत बर्फात बुडालेली असतात. उन्हाळ्यात गुरे घेऊन येणारी माणसे हिवाळ्यात खाली उतरलेली असतात, त्यामुळे कुठेही धूर नसतो, पाऊलखुणाही नसतात. कोंगदोरीची उंची सुमारे 3,100 मीटर आहे. आपले कळसूबाई 1,646 मीटरचे, म्हणजे जवळजवळ दोन कळसूबाई एकावर एक ठेवाव्यात एवढी. वर मोकळे पठार आहे, कहवा (मसाल्याचा काश्मिरी चहा) आणि मॅगीच्या टपऱ्या आहेत. स्टेशनजवळच्या बर्फात बसून, खेळून, समोरच्या उतारावरून उतरणारे स्कीवाले पाहत दोन तास कसे गेले ते कळले नाही.

दुसरा टप्पा मात्र प्रत्येकाने घ्यावाच असे मला वाटत नाही. तो 3,900 मीटरच्याही वर नेतो. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्केच असतो आणि गुलमर्गहून निघालेला माणूस अर्ध्या-पाऊण तासात तेराशे मीटर वर गेलेला असतो, म्हणून शरीराला सावरायला अवधीच मिळत नाही. मी आणि पत्नी वर गेलो. आई पहिल्या टप्प्यावर कहवा पीत बसली आणि तिचा निर्णय योग्य होता. वर दिसणारी हिमशिखरांची रांग अपूर्व आहे, यात शंका नाही, पण वीस मिनिटांतच माझे डोके जड झाले आणि वाऱ्याने बोटे बधिर झाली. वारा वाढला की हा टप्पा बंद ठेवतात, त्यामुळे एकाच दिवसाचा कार्यक्रम असणाऱ्यांची अनेकदा निराशा होते. राहणाऱ्याला दुसरा दिवस असतो. वर गेल्यावर आखून दिलेल्या जागेबाहेर पाऊल टाकू नये. अफरवटच्या उतारांवर हिमस्खलन होते आणि फेब्रुवारी 2023 मध्ये त्यात दोन परदेशी स्कीपटूंचा मृत्यू झाला होता. फोटोसाठी चार पावले पुढे जाणाऱ्यांना तिथले कर्मचारी ओरडतात, ते उगाच नव्हे.

परंतु आमच्या तिन्ही दिवसांतील सर्वांत सुंदर गोष्टीला तिकीट नव्हते. चालणे. गुलमर्गचे पठार बशीसारखे आहे आणि त्याच्या कडेने रानातून जाणारी सुमारे 11 किलोमीटरची वर्तुळाकार वाट आहे. हिवाळ्यात ती पूर्ण चालण्याच्या भानगडीत पडू नये, कारण बराच भाग साफ केलेला नसतो आणि बर्फ मांडीपर्यंत येतो. आम्ही स्थानिक वाटाड्या घेऊन तिचा दोन-अडीच किलोमीटरचा तुकडा तेवढा चाललो. रात्री भुरभुर होऊन सकाळी आकाश मोकळे झाले होते. कोरड्या थंडीत पडलेला बर्फ पायाखाली रव्यासारखा करकरतो आणि दुपारी ऊन चढले की तोच चिकट, ओला होऊन बुटात शिरतो, म्हणून चालायचे ते सकाळीच. वाटाड्याने कोल्ह्याच्या पावलांची सरळ रेघ दाखवली, जणू कोणी दोरी धरून ठसे उमटवले असावेत. संध्याकाळी तसाच एक तांबूस, झुपकेदार शेपटीचा कोल्हा हॉटेलच्या स्वयंपाकघरामागे प्रत्यक्षच दिसला. आकाश स्वच्छ असेल तर या कडेवरून उत्तरेला 8,126 मीटर उंचीचा नंगा पर्वत दिसतो. आम्हाला तो दुसऱ्या दिवशी दिसला आणि पंधरा मिनिटांत ढगाआड गेला. त्या पंधरा मिनिटांत आमच्याशिवाय तिथे कोणी नव्हते.

बाकीच्या ठिकाणांबद्दल थोडक्यात. ब्रिटिश काळातले सेंट मेरी चर्च बर्फात देखणे दिसते आणि तिथवर जाण्याची छोटी चढण आईलाही जमली. टेकडीवरचे महाराणी मंदिर महाराजा हरिसिंगांच्या राणीने 1915 मध्ये बांधले आणि जुन्या हिंदी चित्रपटातील गाण्यामुळे आपल्या पिढीला ते ठाऊक आहे. जून 2024 मधील आगीत त्याची लाकडी वास्तू जळाली, तेव्हा जुने चित्र मनात घेऊन जाऊ नये. बाबा रेशींचा दर्गा गुलमर्गच्या खाली काही किलोमीटरवर आहे; तिथे वेगळी गाडी करून जावे लागते, पण काश्मिरी लाकूडकाम पाहायचे असेल तर ती तसदी घ्यावी.

भाचा गोल्फ मैदानाच्या सौम्य उतारावर रोज धडे घेत होता. हे मैदान जगातल्या सर्वांत उंच गोल्फ मैदानांपैकी एक मानले जाते. हिवाळ्यात त्याचा मागमूसही दिसत नाही आणि नवशिके त्यावर मनसोक्त आपटतात. 1927 मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी इथे स्की क्लब सुरू केला, तेव्हापासून हेच चालू असावे. कडेच्या खुर्चीवर बसून पाच वर्षांची काश्मिरी मुले सुसाट उतरताना आणि आपला धट्टाकट्टा भाचा प्रत्येक वळणावर बसकण मारताना पाहणे, ही स्की न करणाऱ्यांसाठी स्वतंत्र करमणूक मानायला हरकत नाही.

जेवणाविषयी माझी किंचित तक्रार आहे. हॉटेलांत पनीर आणि पिवळी डाळ यांचा इतका भडिमार होतो की आपण काश्मीरमध्ये आहोत याचा विसर पडावा. मागितल्यावर मात्र हाक, म्हणजे तिथली पालेभाजी, आणि दह्याच्या रश्शातले कमळकाकडीचे नदरू यखनी मिळाले. दोन्ही शाकाहारी आणि दोन्ही पनीरपेक्षा कितीतरी पटींनी सरस. मीठ घातलेला गुलाबी नून चहा आईला मुळीच रुचला नाही, मी दुसऱ्या दिवसापासून त्याच्या प्रेमात पडलो.

खोली घेताना भिंतीवरच्या चित्रांपेक्षा रात्री गरम काय असते ते विचारावे. चिल्लई कलां, म्हणजे 21 डिसेंबरपासूनचे कडाक्याचे चाळीस दिवस, या काळात रात्रीचे तापमान उणे 10 अंशांच्या आसपास जाऊ शकते आणि वीज गेल्यावर विजेची गादी निरुपयोगी ठरते. आमच्या खोलीत लाकडांवर चालणारी बुखारी, म्हणजे खोली तापवणारी शेगडी होती, म्हणून निभावले. प्रीपेड मोबाइल जम्मू-काश्मीरबाहेरचा असेल तर चालत नाही, निदान एकाजवळ पोस्टपेड हवा. बर्फाची हमी कोणीच देऊ शकत नाही. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गची कुरणे जवळजवळ कोरडी होती आणि बर्फ महिनाअखेरीस आला. त्यामुळे फक्त बर्फासाठीच जाणाऱ्याने जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी निवडणे शहाणपणाचे.

परतताना आम्ही टंगमर्गजवळच्या द्रंगला थांबलो. तिथला धबधबा कडाक्याच्या थंडीत पडता पडता गोठतो आणि कड्यावरून काचेचे खांब लटकावेत तसे बर्फाचे सुळे उभे राहतात. आतून पाणी वाहत असल्याचा बारीक आवाज मात्र येत राहतो. आई तो आवाज ऐकत कठड्याला धरून उभी राहिली आणि गाडीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला तरी हलली नाही.