तेरचं लामतुरे संग्रहालय : निवांत वेळ काढून जा

आपल्या लातूर-धाराशिवकडच्या लई लोकांना तेर म्हणजे फक्त गोरोबाकाका एवढंच माहीत, दर्शन घेतलं की गाडी वळवली. त्याच गावात रामलिंगप्पा लामतुरे शासकीय संग्रहालय आहे, ते न बघता परत येऊ नका. माझ्याकडून पाचपैकी पाच.

तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस नावाच्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या जोडीला याचं नाव येतं, पैठणहून पूर्वेला 10 दिवसांची वाट, इथलं साधं कापड अन् मलमल गाड्यांत भरून पार गुजरातेतल्या भडोचला जायची आणि तिथल्या बंदरात परदेशी जहाजांतून तांबं, कथील, शिसं, दारू उतरायची. आता गावात फिरताना यातलं काही दिसत नाही, सगळं पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांखाली गाडलेलं. तिथे सापडलेल्या वस्तू गावातल्याच लामतुरेंनी गोळा केल्या, जपल्या, म्हणून आज आपल्याला बघायला मिळतात. एका माणसाने केवढं काम करून ठेवलंय बघा!

नाणी, मणी, शंखाच्या बांगड्या सगळंच भारी आहे पण पांढऱ्या मातीच्या बाहुल्यांपाशी जरा थांबा. दोन साच्यांत अर्धी अर्धी काढून मग जोडलेल्या, आतून पोकळ, आणि एवढ्याशा डोक्यावर केसांची रचना, कानातलं, सगळं कसं बारीक उठवलंय. तेरला हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती पण सापडलेली आहे, तिच्यासारखीच मूर्ती 1938 साली इटलीत पाँपेईला निघाली, आणि ते शहर इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं, म्हणजे आपल्याकडचा माल तेव्हा कुठवर जात होता विचार करा. पोरांना हे नक्की सांगा.

तिथून त्रिविक्रम मंदिरात जा. विटांचं, मागून अर्धगोल, छत हत्तीच्या पाठीसारखं. मुळात हे बौद्ध चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेची जागा, होतं असं बरेच अभ्यासक मानतात, आता आत त्रिविक्रमाची मूर्ती आहे.

धाराशिवहून तेर जवळच आहे. सोमवार टाळा, डबा सोबत घ्या आणि सकाळी आधी संग्रहालयच करा, तेरणाकाठी गोरोबाकाकांचं दर्शन संध्याकाळी पण होतं.