मनपा, अनुदानित की इंग्लिश मीडियम? पहिलीत नाव घालण्याआधी

आमच्या गल्लीत विड्या वळणारी एक शेजारीण आहे. नवरा यंत्रमागावर, मुलगा येत्या जूनमध्ये पहिलीला. परवा सुपात पानं कातरता कातरता तिनं विचारलं, "अक्का, तुम्ही एवढी वर्षं शाळेच्या समितीत होतात. खरं सांगा, पोराला कुठं घालू?" तिच्या मनात तीन शाळा होत्या. घरापासून चालत पाच मिनिटांवरची महापालिकेची, एका जुन्या संस्थेची अनुदानित, आणि दारात पिवळी बस येते ती इंग्लिश मीडियमची. सोलापूरच्या पूर्व भागात दर उन्हाळ्यात कितीतरी घरं याच प्रश्नाशी अडलेली असतात, म्हणून तिला सांगितलं तेच इथं लिहिते.

शाळा बघायला गेलो की आपण रंग बघतो, बाकं बघतो. मी म्हणते, आधी पैसा कुठून येतो ते बघा. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचा पूर्ण पगार राज्य सरकार देतं. महापालिकेच्या प्राथमिक शिक्षकांचा निम्मा राज्य सरकार आणि निम्मा महापालिका. पूर्ण अनुदानित शाळेचे पगार सरकारकडून येतात, इमारत आणि देखभाल संस्थेची. स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे बहुतेक इंग्लिश मीडियमच्या, शाळेत मात्र खडूपासून पगारापर्यंत सगळं तुमच्या फीमधून. त्यामुळे पहिल्या तीन ठिकाणी शिक्षक किती मिळणार हे पटावर, म्हणजे मुलांच्या संख्येवर, ठरतं आणि चौथ्या ठिकाणी तुम्ही किती देऊ शकता त्यावर.

पट हा शब्द आपल्याकडे सगळे वापरतात, पण त्याचं वजन मला समितीत बसल्यावर कळलं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. शिक्षकांची पदं सरकार दरवर्षी मंजूर करतं, त्याला संचमान्यता म्हणतात, आणि त्यासाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात. आमच्या शाळेत एका वर्षी त्या आठवड्यात पट ६० च्या आसपास घुटमळत होता. दोन घरं भाड्याची खोली बदलून लांब राहायला गेली होती आणि मुलं यायची थांबली होती. मुख्याध्यापिका संध्याकाळी उन्हातान्हातून आल्यासारख्या लाल चेहऱ्यानं आमच्याकडे आल्या. आम्ही दोघी रिक्षा करून त्या घरी गेलो आणि आईबापांना समजावलं. सोमवारी मुलं शाळेत आली. नाहीतर एक शिक्षक अतिरिक्त ठरून दुसरीकडे गेले असते आणि तीन इयत्ता एका खोलीत बसल्या असत्या. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं हे निकष आणखी कडक झाले. सहावी ते आठवीच्या कमी पटाच्या वर्गांना त्याचा मोठा फटका बसला.

खर्चाचा पैसाही पटावरच येतो. समग्र शिक्षा योजनेच्या ठरलेल्या दरानं ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,००० संयुक्त शाळा अनुदान मिळतं. त्यातले निदान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. २५,००० म्हणजे महिन्याला दोन हजारांच्या थोडं वर. यात वीजबिल, खडू, नळाची तोटी, स्वच्छतागृहाची कडी, सगळं भागवायचं. आता इंग्लिश मीडियमची फी महिना दोन हजार धरा. एका मुलाचे वर्षाचे २४,००० झाले. म्हणजे एक घर एका पोरापाठी जेवढं भरतं, जवळजवळ तेवढ्यात शंभर पोरांच्या शाळेनं वर्ष काढायचं. शिक्षकांचा पगार वेगळा येतो हे खरं, तरी हा आकडा मला आजही टोचतो. मनपाच्या शाळेत भिंतीचा पोपडा दिसला तर गुरुजींना नावं ठेवण्याआधी हा हिशोब आठवा.

सोलापुरात आणखी एक गोष्ट बघायलाच हवी, पाणी. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात शाळेची टाकी केवढी आहे, ती कधी धुतली आणि मुलींच्या स्वच्छतागृहात बादलीत पाणी आहे का, हे स्वतः आत जाऊन बघा. झाकण उघडून बघायला लाजू नका. मी समितीत असताना आमच्या टाकीचं झाकणच नव्हतं. दोन महिने पाठपुरावा केल्यावर बसलं.

आता मुलाच्या हातात काय पडतं. मनपा आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते आठवी पाठ्यपुस्तकं फुकट, गणवेश फुकट, दुपारचं जेवण. अनुदानित शाळेत पुस्तकं आणि जेवण मिळतं, गणवेश मात्र बहुतेक ठिकाणी आपला आपण शिवायचा. जेवणाचं माप ठरलेलं आहे. पाचवीपर्यंत दर मुलामागे १०० ग्रॅम धान्य, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, ७०० आणि २०. आई सकाळी पानं-तंबाखू आणायला कारखान्यात आणि बाप पाळीवर, अशा घरात हे जेवण म्हणजे मोठा आधार आहे. विनाअनुदानित शाळेत यातलं काही नाही. डबा, पुस्तकं, बूट, बस, सगळं फीच्या वरचं. फी ठरवताना पूर्ण यादी मागा आणि ती लिहून घ्या.

अनुदानित शाळेबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथं बघायचं एकच असतं. तुमच्या मुलाची तुकडी किती टक्के अनुदानावर आहे ते विचारा. एकाच आवारात एक तुकडी १०० टक्के, दुसरी २०, ४० टक्के अशा टप्प्यांवर, तिसरी विनाअनुदानित असू शकते. टप्पा अनुदानावरचे शिक्षक अपुऱ्या पगारावर वर्षानुवर्षं राबतात, आणि त्यांचं शिकवणं कितीही मनापासूनचं असलं तरी घरची ओढाताण वर्गात येतेच. तुकडी पूर्ण अनुदानित असेल, शाळा दहावीपर्यंत असेल आणि वर्गात साठ-सत्तर पोरं कोंबलेली नसतील, तर ही शाळा चांगलीच. मनपाच्या बऱ्याच शाळा सातवीला संपतात. पुढं आठवीला शाळा बदलावी लागते, आणि मुलींचं शिक्षण त्या वळणावर सुटायची भीती असते. शेजारणीला मुलगी असती तर मी हा मुद्दा सगळ्यात आधी काढला असता.

इंग्लिश मीडियमचं मी अनुभवानं सांगते. माझी धाकटी अशाच एका शाळेत होती. एका वर्षात तिच्या तीन वर्गशिक्षिका बदलल्या. डायरीत इंग्रजीत काय लिहिलंय ते वाचायला घरी कुणी नव्हतं, म्हणून शिकवणी लावली. मग मागाचं काम मंदावलं, फी थकली आणि शाळेनं दाखला अडवून धरला. तेव्हा मला माहीत नव्हतं, आज सगळ्यांना सांगते. दाखल्याला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश नाकारता येत नाही, कायदाच तसा आहे. ती पाचवीत अनुदानित शाळेत आली. पहिले सहा महिने मराठी वाचताना अडखळायची, मग मात्र रमली.

शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळेत राखीव असलेल्या पंचवीस टक्क्यांतून फुकट जागा मिळाली तर? अर्ज जरूर भरा. वंचित गटाला उत्पन्नाची अट नाही, दुर्बल घटकाला वर्षाला एक लाखाच्या आतला दाखला लागतो. पण तो प्रवेश आठवीपर्यंतचाच. नववीत पूर्ण फी सुरू होते, ती दहावीपर्यंत भरायची तयारी आजच ठेवायला हवी. आणि फार कमी पालकांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे आठवीची एनएमएमएस शिष्यवृत्ती. वर्षाला १२,००० रुपये, नववी ते बारावी, म्हणजे चार वर्षांचे ४८,०००. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. ती फक्त सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना मिळते. खासगी विनाअनुदानित शाळेतलं गरीब मूल कितीही हुशार असलं तरी त्या परीक्षेला बसू शकत नाही.

माध्यमाचा प्रश्न सोलापुरात इतर शहरांसारखा नाही. मनपाच्या शाळा मराठीशिवाय उर्दू, कन्नड, तेलुगू माध्यमांतही आहेत. शेजारीण घरात तेलुगू बोलते, पोरगा गल्लीत मराठी खेळतो. पहिल्या दोन वर्षांत पोराला बाईंचं बोलणं कळलं पाहिजे, त्याला मी इमारतीपेक्षा जास्त मोल देते. तेलुगू आणि कन्नड माध्यमाचे पट रोडावत चाललेत आणि हायस्कूलला पर्याय मोजके आहेत, याचं मला फार वाईट वाटतं. त्या भाषांतल्या गोष्टी, गाणी शाळेतून गेली तर घरातूनही जातील. पण तिच्या पोराला मराठी उत्तम कळतं, म्हणून मी मराठी माध्यम आणि सेमी इंग्लिश सुचवलं. गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून.

कुंभारीला रे नगर किंवा गोदूताई या कामगारांच्या वसाहतीत राहायला गेलेल्यांसाठी थोडं वेगळं. ते दक्षिण सोलापूर तालुक्यात येतं, तिथं जिल्हा परिषदेची शाळा. रोज पोराला शहरात आणायची ओढ मला समजते, तरी लहान पोराचे जाण्यायेण्याचे तास मोजा. शिवाय नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात आणि त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली असावी लागते. आणि जिल्हा परिषदेची शाळा म्हणजे कमीपणा असं वाटत असेल तर माढा तालुक्यातलं परितेवाडी आठवा. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. दहा लाख डॉलरच्या त्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली.

शेवटी तिला मी म्हटलं, मनपाच्या शाळेत आधी जाऊन ये. पहिलीला स्वतंत्र बाई आहेत का बघ. दोनपेक्षा जास्त इयत्ता एका खोलीत असतील तर अनुदानित शाळा गाठ. स्वतंत्र बाई असतील तर बिनधास्त नाव घाल आणि समितीतही शिर. त्या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बायका हव्यात, तिथं तुझं ऐकावं लागतं. विनाअनुदानित शाळेला अशी समिती लागू नाही.

ती गेली. पहिलीला वेगळ्या बाई होत्या, खोलीत छत्तीस मुलं, टाकीला झाकण. आता कागदांचं चाललंय. तेलुगू आडनाव जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं. काल आम्ही दोघी आधार केंद्रात बसून होतो. कारण आधार जुळलं नाही तर पोरगा वर्गात बसेल, खिचडी खाईल, पण संचमान्यतेच्या पटातून सुटायची भीती. दुरुस्तीची पावती तिनं विड्यांच्या कार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवली आहे.