जुन्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट: नाशिकमधील आठ महिन्यांचा अनुभव

माझ्याकडे २०१५ ची स्कूटर आणि २०१६ ची पेट्रोल कार आहे. दोन्ही एमएच-१५ च्या. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या गाड्यांना नवी प्लेट बसवणे महाराष्ट्रात बंधनकारक झाले आणि हे काम परिवहन विभागाने राज्याचे तीन भाग करून खासगी कंपन्यांना दिले. ३१ मार्च २०२५ ही पहिली मुदत ३० एप्रिल, मग ३० जून अशी पुढे सरकत असताना मी मे महिन्यात दोन्ही गाड्यांचे काम करून घेतले. त्याला आता आठ महिने झाले असल्याने हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

नोंदणी करणे अवघड नाही. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरून कंपनीच्या पानावर जायचे, गाडीचा क्रमांक, चॅसी आणि इंजिन क्रमांकाचे शेवटचे पाच आकडे व मोबाईल क्रमांक भरायचा, केंद्र आणि तारीख निवडून पैसे भरायचे. दुचाकीला ४५० रुपये आणि कारला ७४५ रुपये असा दर असून त्यावर १८ टक्के जीएसटी धरल्यास अनुक्रमे ५३१ रुपये आणि ८७९ रुपये १० पैसे होतात. आरसीवरचा इंजिन क्रमांक पुसट झाला असेल तर तो आधी नीट वाचून लिहून ठेवावा. माझ्या दोन खेपा केवळ आठ आणि बी यांच्या गोंधळामुळे नाकारल्या गेल्या.

स्कूटरचे काम अंबडच्या केंद्रावर वीस मिनिटांत झाले आणि ते उत्तम झाले. बसवणाऱ्या मुलाने जुनी प्लेट काढून नवी लावली, एकदाच बसणारे स्नॅप लॉक ठोकले आणि फोटो काढून घेतला. प्लेट एक मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमची आहे, डाव्या बाजूला वर निळे अशोकचक्र असलेला २० मिलिमीटरचा होलोग्राम आहे आणि खाली लेझरने कोरलेला कायम ओळख क्रमांक आहे. या क्रमांकाकडे मी तेव्हा नीट पाहिलेही नव्हते. पुढे सगळे प्रकरण त्याच्याशीच येऊन थांबले.

कारचे काम सातपूरला दुसऱ्या केंद्रावर झाले. पुढची-मागची प्लेट लागली, समोरच्या काचेवर पेट्रोलसाठीचे फिकट निळे स्टिकर लागले, पावती मिळाली आणि मी निश्चिंत झालो. ऑगस्टमध्ये ही कार पुतण्याच्या नावावर करायची ठरली. बँकेचे कर्ज २०२१ मध्येच फिटले होते, पण आरसीवरचा बोजा उतरवायचा राहिला होता, म्हणून बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन मी पेठ रोडवर परिवहन कार्यालयात गेलो. नवी प्लेट नसेल तर अशी कामे अडतात हे मला ठाऊक होते. माझ्या गाडीला प्लेट होती, मात्र संगणकावर ती बसवल्याची नोंदच नव्हती. खिडकीवरच्या ताईंनी बाहेर येऊन प्लेट पाहिली, पावती पाहिली आणि अगदी सौजन्याने सांगितले, "काका, प्लेट डोळ्यांना दिसतेय, पण ती नोंद कंपनीच्या लॉगिनवरून होते, आमच्याकडून करता येत नाही."

माझा खरा आक्षेप येथे आहे. प्लेट तयार करणे, वाहतूक करणे, बसवणे ही कामे कंत्राटावर देण्यास माझी काहीच हरकत नाही. उलट रांगेत उभे न राहता वेळ ठरवून काम होते, ही सोय मोठी आहे. परंतु गाडीच्या शासकीय अभिलेखात नोंद करण्याचा अधिकारही कंत्राटदाराकडे गेला आणि समोर उभी असलेली गाडी पाहणाऱ्या शासकीय कर्मचाऱ्याला ती चूक दुरुस्त करता येत नसेल, तर नागरिकाने दाद कोणाकडे मागायची? सातपूरचे केंद्र म्हणाले, फोटो त्याच दिवशी पाठवला. मदतवाहिनीने तक्रार क्रमांक दिला आणि दर वेळी अठ्ठेचाळीस तासांचे आश्वासन दिले. सातपूरच्या तीन फेऱ्या आणि कामावरच्या दोन अर्ध्या रजा गेल्यावर, एकोणिसाव्या दिवशी कळले की मागच्या प्लेटचा लेझर क्रमांक भरताना एक आकडा चुकला होता आणि त्यामुळे नोंद पूर्ण झालीच नव्हती. दुरुस्तीला त्यांना दहा मिनिटेही लागली नाहीत. पावतीवर तक्रार निवारणासाठी परिवहन विभागाच्या जबाबदार अधिकाऱ्याचे पद आणि मुदत छापलेली असती, तर हे एकोणीस दिवस वाचले असते, असे मला ठामपणे वाटते.

म्हणून ज्यांचे काम बाकी आहे त्यांनी केंद्रातून निघण्यापूर्वी दोन्ही प्लेटांचे लेझर क्रमांक काचेवरच्या स्टिकरशी ताडून पाहावेत, त्यांचे स्पष्ट फोटो काढावेत आणि आठवड्याभराने 'वाहन' या सरकारी नोंदणी प्रणालीवर नोंद दिसते का ते तपासावे. दुचाकीला स्टिकर नसतो, त्यामुळे तिथे फोटो अधिकच महत्त्वाचे.

वस्तू म्हणून प्लेट टिकाऊ आहे. पूर्ण पावसाळा आणि कसारा घाटाच्या चार-पाच फेऱ्या झाल्या तरी परावर्तक थर कुठे सुटलेला नाही, आणि रात्री मागच्या गाडीच्या प्रकाशात क्रमांक लांबून वाचता येतो. स्कूटरची पुढची प्लेट खड्ड्यांत थरथरते. मागे पट्टी बसवून घेतल्यास आवाज थांबतो. द्वारका चौकात मागून हलका धक्का बसल्यावर कारचा बंपर उतरवावा लागला, तेव्हा गॅरेजवाल्याला स्नॅप लॉक तोडावे लागले आणि नव्या लॉकसाठी पुन्हा केंद्र गाठावे लागले. या वेळी मी अंबडच्याच केंद्रावर गेलो. तेथील मुलाने लॉक बसवले आणि न सांगता दोन्ही लेझर क्रमांक मला मोठ्याने वाचून दाखवले.